वर चढलेली चूल

"उभ्यानं हाटेलात रांधतेत, दादा. घरात कोनी रांधते का?"

आत्याबाई हे बाबांना सांगत होत्या, पण आवाज स्वयंपाकघरात पोचेल एवढा ठेवून. मी दाराशी होते. आत आई नव्या ओट्यापाशी एका हातानं भिंत धरून उभी होती. ओट्यावरच्या चुलीवर तवा होता. तिनं मान वळवली नाही, म्हणजे तिला ऐकू गेलं होतं.

मागच्या साली विहिरीच्या ओल्या पायरीवरून आई पडली. हाड जुळलं, पण उजवा गुडघा वाकेना. आमची चूल जमिनीवर. तिच्यापुढं पाटावर मांडी घालून बसता येत नाही त्या बाईचा स्वयंपाक संपला. आई ओसरीतल्या खाटेवर गेली आणि चूल आत्याबाईंकडं. खाटेवर बसून ती डाळ निवडायची, लसूण सोलायची, आणि फोडणीचा वास आला की आत विचारायची, "मीठ पडलं का?"

"पडलं, वयनी," आत्याबाई म्हणायच्या. कधीकधी पडलेलं नसायचं.

परीक्षा संपवून मी नागपूरहून गावी, आंजीला आले तेव्हा हे सगळं घरात मुरून गेलं होतं. आई रडत नव्हती, तक्रार करत नव्हती. फक्त जेवताना पहिला घास घेऊन थोडी थांबायची, दुसऱ्याच्या घरी जेवल्यासारखी. मला ते बघवेना. आमच्या इंग्रजी शाळेत मुलींना टेबलाशी उभं राहून स्वयंपाक शिकवत. मी वहीत ओटा काढला, त्यावर चूल काढली, उंची माझ्या कमरेएवढी लिहिली. बोलून पटवणं मला जमत नाही, म्हणून वही नुसती बाबांपुढं ठेवली. "पोरगी शिकली हाय, तिले समजते," असं म्हणून त्यांनी गवंडी बोलावला. वर मातीची चूल आत्याबाईंनीच घातली. नाक मुरडत, पण सुरेख.

आज तिच्यावर पहिला विस्तव पेटला होता.

आईनं तव्याला हात लावला आणि मग लाकूड हवं झालं. लाकडं कोपऱ्यात, जमिनीवर. ती ताठ पाय बाजूला काढून, कमरेतून वाकून एक काडकी उचलून घेऊन आली. मग पाणी. पाण्याचा गुंड खाली. पीठ खाली, परात खाली, उलथनं खाली. बसून रांधणाऱ्या बाईच्या भोवती सगळं हाताच्या टप्प्यात मांडलेलं असतं, तिला उठावं लागतच नाही. हे मी जन्मापासून बघत आले होते आणि वहीत मात्र नुसता विस्तव वर नेला होता.

पहिली भाकरी करपली. मी आत जाऊन लाकडं उचलून ओट्यावर ठेवायला लागले.

"राहू दे," आई म्हणाली. "तू का रोज हायेस इथं?"

दुसऱ्या भाकरीला तिचा चांगला पायही कापायला लागला. तिनं दोन्ही हात ओट्यावर टेकले. भाकरी तव्यावर तशीच राहिली.

आत्याबाई दारात आल्या. "चूल चढली माडीवर अन् लाकडं राह्यली अंगनात!"

बाबा हसले. आईसुद्धा हसली. मला आत्याबाईंचा राग आला, बाबांचा आला, पण सगळ्यात जास्त आईचा आला. वर्षभर ती प्रत्येक गोष्टीला अशीच हसत आली होती. तिचा पाय, तिचं घर, आणि ठरवणार सगळे आम्ही. माझाही राग आला. मी दोन दिवस गवंड्यामागं फिरले, विटा मोजल्या, आणि ओसरीत पाच पावलांवर बसलेल्या आईला एका शब्दानं विचारलं नाही.

"गवंड्याले उद्या बोलावतो," बाबा म्हणाले. "पाडून टाकू हे. तू खाटीवरच बरी."

"हो, मी खाटीवरच बरी," आई म्हणाली, आणि हाताचं पीठ झटकायला लागली. सावकाश, एकेक बोट. हाताला पुन्हा कधी लागणार नाही असं.

घरात मी बोलले की माझ्या पुस्तकी मराठीला सगळे हसतात, म्हणून मी बोलत नाही. आत्याबाई माझ्याकडं बघतच होत्या. आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला.

"सगळा पाडू नका, बाबा, निम्मा पाडा. उंची मी माझ्या कमरेनं मोजली, ती चूक माझी. खाट इथं आत आणू. आई, तू तिच्यावर बस, पाय सरळ ठेव आणि हात पुढं कर. तुझा हात पोचेल तिथं चूल, आणि लाकडं, पाणी, पीठ सगळं तिच्याच बाजूला. पण कुठं काय ते तू सांगायचं. आम्ही कोणी नाही."