पल्याडपूरच्या मंडळीत माझी नेमणूक

रोज सकाळी चहाच्या वेळेला शेजारचे भानुदासभाऊजी आमच्या ओट्यावर येऊन बसत आणि जगात कुठेच नसलेल्या एका गावाची बातमी सांगत. "वहिनी, काल मंडळीत लई कालवा झाला. गंगूबाईनं जांभयांवर चालणारं घड्याळ केलंय. पण भर सभेत कोणाला जांभईच येईना!"

हे गाव म्हणजे पल्याडपूर. तिथे सरपंच नाही, पाटील नाही. यंत्रं शोधणाऱ्या आणि जोडणाऱ्या कारागिरांची एक मंडळी सगळा कारभार बघते, वारा पिंपात भरून ठेवते, कुरकुरणाऱ्या ढगांना ग्रीस लावते. तुम्ही दोघं नातवंडं लहानपणी सुट्टीत माझ्याकडे आलात तेव्हा भाऊजींनी तुम्हाला ढगखात्यात घेतलं होतं. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, भानूआजोबा खरे कसे होते? क्रमाने सांगते. मला कळले तेवढे.

मला प्रत्येक गोष्टीचा पत्ता हवा असतो. मी विचारलं, "हे पल्याडपूर कोणत्या तालुक्यात येतं?"

"मंठ्याच्या पुढं रस्ता संपतो न्हाई का, तिथून जरासं आत."

मी नकाशा काढून पाहिला. मंठ्याच्या पुढे रस्ता संपत नाही. तसं सांगितलं, तर म्हणाले, "बराबर. म्हणूनच कोणाला सापडत न्हाई."

माणूस भ्रमिष्ट म्हणावा, तर आमच्या मस्तगड भागातल्या निम्म्या घरांची लोखंडी दारं आणि ग्रिलं त्यांच्या दुकानात झालेली. मग हे काय होतं? थट्टा? मी त्यांच्या बायकोला, कौसल्येला विचारलं. ती गहू पाखडत होती. "मलाबी न्हाई कळालं, ताई. लग्नाच्या पहिल्या वर्षी इचारलं, हे कुठं हाये? तर म्हणले, तुला मंडळीनं अजून घेतलं न्हाई. मंग मी सोडून दिलं."

कौसल्येची सगळी मैत्री गच्चीवरची. आमच्या ओळीतल्या गच्च्या एकमेकींना लागून आहेत. उन्हाळ्यात सकाळी कुरडया घालताना या टोकाचं बोलणं त्या टोकाला जायचं आणि त्यात कौसल्येचं हसणं सर्वांत मोठं. मग तिला अर्धांगाचा झटका आला. पायातलं बळ गेलं आणि ती खालच्या खोलीत अडकली. जिना अरुंद, लोखंडी. मुलानं उचलून नेतो म्हटलं, तर फणकारली, "मी काय पोतं हाये?" पण मला हळूच म्हणायची, "वर सगळ्या हसून राह्यल्या, अन् खाली मला नुसता आवाज येतो."

त्या दिवसांत पल्याडपूरची बातमी बंद झाली. ती ऐकल्याशिवाय मला चहा गोड लागेना, हेही मला कळण्यापलीकडचं होतं. मग एका सकाळी भाऊजी आले. "वहिनी, मंडळीनं उडती खुर्ची करायला घेतलीय."

घराच्या मागच्या भिंतीला त्यांनी ती बसवली. गच्चीच्या कडेला कप्पी, तिच्यावरून पोलादी दोर, दोराच्या एका टोकाला खुर्ची आणि दुसऱ्या टोकाला वाळूची पोती. खुर्चीतलं माणूस आणि पोती सारख्या वजनाची, म्हणजे हातानं दोर ओढला तरी माणूस अलगद वर जातं. शिवाय पायानं दाबायचा ब्रेक.

"आता मंडळीचा नियम ऐका," ते म्हणाले. "नव्या यंत्रात बनवणाऱ्यानं आधी बसायचं न्हाई. ज्याला काहीच कळत न्हाई, त्यानं बसायचं. त्यासाठी मंडळीत एक सभासद ठेवतेत. तुमचं नाव एकमतानं आलंय."

"मला काही कळत नाही, असं मंडळीनं ठरवलं?"

"कवाचंच."

मी पदर खोचून बसले. खुर्ची इतकी संथ वर गेली की मला खिडकीतली पाल नीट पाहता आली. वर पोचून मी ओरडले, "मंजूर!" खाली कौसल्येनं टाळी वाजवली, म्हणजे चांगला हात मांडीवर आपटला.

मग तिची पाळी. भाऊजींनी तिला पट्टा बांधला, ब्रेक सोडला आणि खुर्ची एकदम वर उसळली. दोर त्यांच्या हातातून सरसर निघाला. कौसल्या किंचाळली. भाऊजींनी ब्रेकवर अंग टाकलं. ती खिडकीच्या उंचीला लोंबकळत थांबली.

"माप बराबर होतं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "बिलकुल बराबर होतं."

"वजन केलं होतं का हिचं?" मी विचारलं.

"करायचं काय त्यात? हिचं वजन मला ठावं न्हाई का?"

तेव्हा मला आठवलं. एके काळी आम्हा दोघींना एकाच मापाचं ब्लाऊज यायचं. आता तिच्या हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. रोज तिला उठवून बसवणाऱ्या माणसानं पोत्यांत वाळू मात्र जुन्या कौसल्येची भरली होती.

आम्ही दोघांनी दोर धरून तिला खाली घेतलं. भाऊजींनी वर गेलेली पोती सोडवून खाली आणली आणि ते बसून ओंजळीनं वाळू काढू लागले. मधेच थांबले. "बस?"

"अजून काढा," कौसल्या म्हणाली. "तेवढी राह्यले न्हाई मी आता."

ते काढत राहिले. वाळूचा ढीग वाढत गेला तसं त्यांना वर बघवेना. पोती परत अडकवल्यावर ती म्हणाली, "आता ओढा. जल्दी करा, कुरडया वाळून जातील."

ती वर पोचली तेव्हा सगळ्या गच्च्यांवर जो गलका झाला, तो खाली आम्हाला नुसता आवाज म्हणून आला.

त्यानंतर उन्हाळा असो की थंडी, ती वर जाऊन बसायची. पुढे ती गेली. एकदा दुपारी मला भाऊजीच त्या खुर्चीत बसलेले दिसले. ब्रेक सोडलेला आणि खुर्ची जमिनीवरच.

"उठत न्हाई, वहिनी."

"मग वाळू भरा ना परत."

"भरीन. पण मंग तिचं वजन कुठं ठेवू?"



यंदा भाऊजीही गेले. दिवसकार्य झाल्यावर त्यांचा मुलगा पाना घेऊन मागच्या भिंतीशी उभा होता. म्हणाला, "काकू, हे सोडवून टाकू का? ही पोती रिकामी करतो."

नको म्हणायला माझ्याकडे एकही समजण्यासारखं कारण नव्हतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "थांब. आधी मंडळीला विचारावं लागेल."

पाना तसाच हातात धरून तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला.