माटवीचं तेवढं सांगायचं राहिलं

मालवणच्या वेशीवर एका बिल्डरच्या ऑफिसात मी चार वर्षं फ्लॅट दाखवायचं काम करते. आमच्या बिल्डरला शहरात आहे ते सगळं इथे आणायचं खूळ. लिफ्ट आणली, जनरेटर आणला, मग प्रत्येक खोलीच्या छताला स्प्रिंकलर बसवले. घर बघायला आलेला माणूस आधी खिडकी उघडतो, मग नळ सोडतो आणि मग मान वर करून विचारतो, "ह्या काय ता?" पुढचं सांगायचं काम माझं.

"पाण्याचो पाइप आसा. तोंडाक काचेची बारीक नळी. आग लागली की गरमीन ती फुटता आणि पाणी पडता."

"माशे तळताना फुटात काय?"

हा प्रश्न ठरलेला. धुराने फुटत नाही, धुपाने नाही, आरतीने तर नाहीच. आणि सगळे एकदम फुटत नाहीत, आग असेल तिथलाच फुटतो. मग मी पुढचं सांगायचे. त्याला रंग फासू नका. पीओपी करून झाकू नका. जिन्यातला व्हॉल्व्ह बंद करू नका. त्याला काही लटकवू नका. एवढं बिल्डरने दिलेल्या कागदावर होतं. शेवटी एक वाक्य मी माझ्या पदरचं घालत असे, "चतुर्थेक माटवी हेका बांधू नकात. वजनान मोडात आणि सगळा पाणी गणपतीच्या डोक्यार पडात."

माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती लाकडी चौकट. आंब्याच्या डहाळ्या, नारळ, सुपारीचे घोस, रानातली कवंडळाची फळं बांधता बांधता ती एवढी जड होते की उचलायला दोघं लागतात. कौलारू घरात ती वाशाला बांधतात. स्लॅबच्या घरात बांधणार कशाला? गणपती कोपऱ्यात बसतो, पंख्याचा हूक मध्ये. कोपऱ्यात छतातून खाली आलेलं एकच लोखंड दिसतं. आपली माणसं काय करतील ते मला आधीच दिसलं होतं, आणि त्या वाक्याचा मला अभिमान होता. बिल्डरच्या इंजिनिअरलाही ते सुचलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात एक फ्लॅट होता. त्याच्या हॉलमधून खाडी दिसायची आणि स्वयंपाकघरातून समुद्राची एक पट्टी. दीड वर्ष तो विकला गेला नाही. दुपारचा डबा मी तिथेच फरशीवर बसून खायचे. देव कुठे, फ्रिज कुठे, मुलीचं अभ्यासाचं टेबल कुठे, सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं. देवबागला आमचं घर आहे, नाही असं नाही. पण पुढच्या खोल्या पर्यटकांना आणि आम्ही चौघं मागच्या दोन खोल्यांत. माझ्याच घरात मी हळू बोलते, पाव्हण्यांची झोप मोडू नये म्हणून.

तो फ्लॅट माझ्या धाकट्या बहिणीने घेतला.

तिचा नवरा शिक्षक. सासू-सासरे गेले, गावचं घर बंद पडलं, तेव्हा मालवणात राहायचं ठरलं. ती माझ्यामुळेच आमच्याकडे आली. मी तिला दुसऱ्या मजल्यावरचे दोन फ्लॅट दाखवले, मागच्या बाजूचा एक दाखवला. तिसऱ्या मजल्याचं नावही काढलं नाही. तिनेच विचारलं, "ताई, वर काय आसा?" वर गेलो. तिने खिडकी उघडली आणि म्हणाली, "ह्योच."

लहानपणी सुरमईची मधली तुकडी तिच्या ताटात पडायची तेव्हा पोटात जे दुखायचं, तेच तेव्हा दुखलं. चाळिशी उलटलेल्या बाईला हे शोभत नाही, पण जळफळाट झाला तो झाला. तिने माझ्याकडून काही हिसकावलं नव्हतं. मला तो फ्लॅट कधीच परवडणार नव्हता. त्याचाच राग जास्त होता.

चाव्या दिल्या त्या दिवशी मी तिला आणि तिच्या नवऱ्याला सगळं रीतसर दाखवलं. रंगाचं सांगितलं, पीओपीचं, व्हॉल्व्हचं सांगितलं. ती दोघं शाळेतल्या मुलांसारखी माना वर करून ऐकत होती. पुढे लटकवायचं आलं आणि मी थांबले. विसरले नव्हते. जिभेवर आलेलं वाक्य मी गिळलं. मनात म्हटलं, घे तुझी खाडी, घे तुझा समुद्र, आणि कळू दे एकदा. नेमकं काय कळू दे ते मलाही ठाऊक नव्हतं. मग मी तिला लिफ्टची चावी दिली.

पुढचे तीन महिने ते वाक्य माझ्या घशात होतं. आमचं ऑफिस तळमजल्यावरच, जिन्यात ती रोज भेटायची. आज सांगू, उद्या सांगू. आज सांगितलं म्हणजे आधी का नाही सांगितलं, हे आलंच. आणि दर वेळी ती काहीतरी नवं सांगायची, पडदे आणले, ओटा वाढवून घेतला, की माझं तोंड आपोआप मिटायचं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी तिचा फोन आला, आरास बघायला ये. त्या घरातला तो पहिला गणपती. मी वर गेले तर मूर्ती येऊन टेबलावर बसली होती, तोंडावर रुमाल होता. नवरा स्टुलावर उभा. बहिणीच्या मदतीने वर घेतलेली भरलेली माटवी त्याने एका हाताने डोक्यावर तोलून धरली होती. तिची सुतळी त्याने स्प्रिंकलरला दोन वेढे घातली होती. तिसरा घालत होता. आता हात काढला की सगळा भार त्या पितळी तोंडावर येणार होता.

"थांबा. थंय बांधू नकात," मी म्हटलं. "हात सोडू नकात. मोडात ता."

मी धावत जाऊन चौकट खालून धरली. त्याने वेढे सोडवले. दोघांनी मिळून माटवी खाली ठेवली. चार कवंडळं सुटून फरशीवर गडगडली.

बहीण नवऱ्याकडे वळली. "मी तुमका म्हटलंय, ताईक विचारा." मग मला म्हणाली, "तर हे म्हणतत, ताईन सगळा सांगल्यान. हेचा काय बोलाक नाय, म्हणजे चलता आसतला."

नवरा मान हलवून म्हणाला, "तुम्ही येक पण गोष्ट सोडूक नाय हुतास त्या दिवशी."

खरं सांगायची वेळ तीच होती. मी म्हटलं, "ह्याच इसारलंय."

"जाता तसा," बहीण म्हणाली. "दिवसभर किती लोकांका सांगतस तू. बस, च्या करतंय."

ती आत गेली. तिचा नवरा माटवीला टेकू म्हणून खालून बांबू आणायला गेला. मी फरशीवरची कवंडळं गोळा करत बसले. मी तिच्या जागी असते तर मला लगेच संशय आला असता. तिच्या मनाला तो शिवलासुद्धा नाही. खाडी खिडकीत तशीच होती, पण मी तिकडे बघितलं नाही. मला तिच्या त्या भाबड्या मनाचा हेवा वाटत होता, आणि तसं मन कुठल्याही मजल्यावर विकत मिळत नव्हतं.