तुळशीपत्राचं पाणी

देवावरचा माझा विश्वास त्या उन्हाळ्यात पार उडाला होता, हे आधीच कबूल करते. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. सौंदडजवळ आमची धानाची थोडी शेती. माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायचे, माघात अंगणात पडल्या आणि कंबरेचं हाड मोडलं. तेव्हापासून त्या खाटेवर आणि मी त्यांच्या उशापायथ्याशी. रोज सकाळी महादेवाच्या पिंडीवर तांब्याभर पाणी घालून मी एकच मागायचे, त्यांना बरं कर. देव काही ऐकेना. मग मीही त्याच्यावर फुगले. पाणी घालायचे, पण बोलायचे नाही.

सेवेत मी कसूर केली नाही, असं मला वाटे. सून असावी तर अशी, असं गावात नावही झालं होतं, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायचं. पण आत्याबाईंना अंथरुणातच लघवी होई. दिवसातून चार-पाच वेळा खाटेवरचं धानाचं तणस बदलायचं, गोधड्या नाल्यावर नेऊन धुवायच्या. चैत्रात नाला आटला आणि गोधड्या लांबच्या विहिरींवर न्याव्या लागल्या. तेव्हा मी शेजारणींनी सांगितलेली युक्ती धरली. म्हाताऱ्या माणसाचं पाणी कमी केलं की अंथरूण ओलं होत नाही. सकाळी घोटभर, संध्याकाळी घोटभर. आमच्याकडे बऱ्याच घरी असंच करत, त्यात कुणाला पाप वाटत नसे. गोधड्या कोरड्या राहू लागल्या आणि मला वाटलं, चला, काहीतरी सुधारलं.

थोड्याच दिवसांत आत्याबाई भ्रमिष्टासारख्या बोलू लागल्या, मग बोलणंच थांबलं. डोळे खोल गेले. वैद्यबुवांनी नाडी पाहून सांगितलं, "आता भुईवर घ्या." जमीन सारवून आम्ही त्यांना खाली घेतलं. आमचे मालक नणंदेला आणायला निघाले. मी उशाशी बसून तुळशीपत्र घातलेलं गंगाजळ चमच्याने त्यांच्या तोंडात घालू लागले.

भरदुपारी दारात पांढऱ्या लुगड्यातली एक बाई उभी राहिली. ती सरकारी दवाखान्यातली नर्सबाई. पुढच्या गावी बाळंतिणीकडे निघाली होती, वाटेत गाडीचा बैल लंगडला म्हणून आमच्या सावलीला थांबली. तिने प्यायला पाणी मागितलं. मी म्हणाले, "तुमीच घ्या बाई रांजनातलं. माहे हात गुतले हायेत, आत्याबाई चालल्या." ती आत येऊन पाहत राहिली. चमचा ओठांना लागला की आत्याबाई तो धरून ठेवत, सोडत नसत.

"मरून नाही राहिली ते," नर्सबाई म्हणाली. "तहानेली हाये. दिवसाचं पानी किती देता?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण हातात गंगाजळ होतं. मी खरं ते सांगितलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. पदर खोचून खाली बसली, आत्याबाईंचं डोकं मांडीवर उंच घेतलं आणि थेंब थेंब पाणी देऊ लागली. "घाई नको करू. गिळलं का पाहत जाय," मला म्हणाली. मग मीठ घातलेली पातळ पेज दिली. कूस कशी बदलायची, पाठ कशी कोरडी ठेवायची, सगळं करून दाखवलं. बैल चालू लागला तशी ती गेली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्या बैलाचं लंगडणं योगायोग म्हणा की कृपा, मी वाद घालत नाही.

सांज व्हायच्या आत आत्याबाईंनी लुगडं ओलं केलं. ते ओलं लुगडं पोटाशी धरून मी ढसाढसा रडले.

चौथ्या दिवशी त्यांनी मला ओळखलं. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "आत्याबाई, तहान लागत होती तं मांगितलं काऊन नाही?"

"कायले मांगू?" त्या म्हणाल्या. "नाला आटला होता. तू कुठून कुठून गोधड्या धुवून आनून राहिली होती, हात फुटले होते तुहे. मी महादेवाले म्हनलं, पोरीचं ओझं हलकं कर."

शरण जाणं म्हणजे काय ते मी पोथीत कितीदा ऐकलं होतं. ते माझ्याच घरात खाटेवर पडून होतं आणि मी त्याचं पाणी तोडलं होतं. आत्याबाई पुढे चार वर्षं होत्या. गोधड्या रोज ओल्या झाल्या, आणि देवाचे उपकार मानत मी त्या रोज धुतल्या.