भाच्याचे पैसे

कुवेतमधल्या खैतान भागातल्या आमच्या फ्लॅटवर शुक्रवारी जेवणं झाली, की पुण्याचा एक तेल कंपनीतला इंजिनिअर टॅक्सवर प्रवचन झोडतो. ‘‘घरच्यांना गिफ्ट दिलं की टॅक्स नाही, बिनधास्त पाठव.’’ उंटावरचा शहाणा! मी कुवेत सिटीत अकाउंट्समध्ये, म्हणजे त्याच्याहून शहाणा. म्हणून नाशिकच्या सीएला फोन केला.

पैसे मावशीसाठी होते. आईनं दुसरं लग्न केलं आणि चार वर्षांच्या मला मावशीकडे ठेवलं. वर्षातून दोनदा पेढ्यांचा बॉक्स घेऊन यायची. वाढवलं मावशीनं. आता तिचे दोन्ही गुडघे गेलेत, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्याच इमारतीतला तळमजल्यावरचा फ्लॅट विकायला निघाला होता.

सीए म्हणाला, ‘‘मावशीनं तुम्हाला दिले तर टॅक्स नाही. तुम्ही मावशीला दिले, तर सगळी रक्कम त्यांचं उत्पन्न धरतात. कायद्यात मावशी भाच्याची नातेवाईक आहे, भाचा मावशीचा नाही.’’ काय अक्कल! जणू भाच्यानं फक्त घ्यायचंच असतं. ‘‘त्यापेक्षा आईला द्या,’’ तो पुढं म्हणाला, ‘‘आई बहिणीला देईल. दोन्हीकडे माफ.’’

टॅक्स माझ्या चार-पाच महिन्यांच्या पगाराएवढा झाला असता. तो भरायचा सोडून मी आईच्या खात्यावर पैसे टाकले आणि मावशीला काही सांगितलं नाही. आईनं ते पुढं पाठवले, वर घरच्या ग्रुपवर लिहिलं, ‘ताईसाठी माझ्याकडून छोटीशी भेट.’ खाली सगळ्या नातेवाइकांचे हात जोडलेले. निर्लज्जपणाची कमाल म्हणजे मीही अंगठा दिला.

मावशीनं दुसऱ्याच दिवशी सगळी रक्कम आईला परत केली. मी घाबरून मावशीला फोन लावला. ‘‘इतक्या वर्षांत तिनं तुझ्या शाळेची फी विचारली नाही,’’ ती म्हणाली, ‘‘तिच्या मेहेरबानीच्या घरात मी राहू?’’ मग मी खरं सांगितलं. कायदा, सीए, सगळं.

‘‘म्हणजे मी तुझी कोण, हे तू सरकारला विचारलंस?’’

परत त्या पैशांना तिनं हात लावला नाही. तोवर खालच्या फ्लॅटला दुसरं गिऱ्हाईक मिळालं. मावशी अजून तिसऱ्या मजल्यावरच आहे, आणि दोन महिन्यांत एकदाही खाली उतरलेली नाही. टॅक्स मात्र मी एक रुपयाही भरू दिला नाही.