खडूच्या चार खुणा

सुमन आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लोखंडी शाफ्टवर खडूच्या खुणा. अकोल्याच्या एमआयडीसीत मळणीयंत्राचे शाफ्ट बनवणाऱ्या कारखान्यात मी लेथवर होतो, सुमन, माझी बायको, तपासणीला. तिथं नवीन मशीन आलं. त्याची सुई शाफ्टला शिवते आणि आपोआप माप घेते. सुईनं कुठं शिवायचं, कोणत्या लेथचे किती पीस तपासायचे, हे इंजिनिअरनं सुमनलाच ठरवायला सांगितलं. म्हणून ती एक शाफ्ट घरी घेऊन आली. मी तो मांडीवर धरला होता.

तिला दयामाया नव्हती. लग्नात जेवायला बसली तर नवरीच्या आईच्या तोंडावर वरण पाणचट म्हणायची. एकदा दिवाळीच्या तोंडावर तिनं माझा पेटीभर माल नापास केला आणि सगळ्यांदेखत मलाच भंगारात टाकायला लावला. मी म्हटलं, घरी सांगायचं होतं. तर म्हणे, "घरी तुमी नवरा. इथं मापात बसते का नाई, तेवढंच." सगळे हसले. तीही हसली.

शाफ्ट घरी आणला त्या संध्याकाळी, बेरिंग बसते त्या जागी तिनं चार खुणा केल्या.

"बाकीच्या लेथचा दहातला एक पीस. तुमचे सगळे."

"माहे कावून?"

"तुमाले दिसत नाई आता. बेरिंगची जागा ढिली करून ठेवता."

"सगळे तपासले तं मले लेथवरून काढतीन."

"काढतीन."

"दोन वरसं थांब नं, सुमन. मंग रिटायरच होतो."

"मी थांबीन. शाफ्ट निसटला तं मळणीयंत्रापाशी उभी बाई थांबन काय?"

मी जेवलो नाही. तिनं समजूत घातली नाही. माझ्या वाटची भाकर कुत्र्याला टाकली. पहाटे हाक मारली तर सुमन थंड पडली होती. दुपारी जाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनिअर भेटायला आला. जरा वेळ बसला, मग शाफ्ट उचलून म्हणाला, "काका, खुणा कळल्या. पीस किती घ्यायचे, ते काकू बोलल्या होत्या का?"

ते मला एकट्यालाच माहीत होतं.

"बाकीचे दहातला एक," मी म्हटलं. "माहे सगळे."

"तुमचे का?"

"मले दिसत नाई."

तो गेल्यावर मी शर्ट घातला. तिची बहीण भिंतीला टेकून बसली होती. "राख गरम हाय अजून, अन् भाऊजी ड्युटीले चालले," ती म्हणाली.

कारखान्यात गेलो. लेथ पुसली, तेल दिलं. शाफ्ट लेथमध्ये आवळायची माझी चकची चावी शेजारच्या लेथवाल्यापुढं धरली.

"राहू दे तुह्यापाशी," तो म्हणाला. "सुतक फिटलं की ये."

मी म्हटलं, "घे."