पंधरा दिवसांसाठी नेलेला गाडा

सोलापूर स्टेशनवर आप्पा मला पोचवायला आले, तेव्हा माझ्या ट्रंकेपेक्षा ते काखेतलं गाठोडंच जास्त जपत होते. चादरीत गुंडाळलेला तो माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमीचा गाडा होता. आगगाडीनं शिट्टी दिली तसं त्यांनी ते गाठोडं खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवलं.

"पंधरा दिसात माघारी धाड. पोरीचे पाय हायती ते."

"व्हय की आप्पा. पंधरा दिवस म्हंजे लई झाले," मी म्हणालो. नोकरी लागल्याच्या तोऱ्यात होतो.

दुष्काळ नुकताच सरला होता. मी फिटरचा कोर्स केलेला, आणि मुंबईच्या एका संशोधन प्रोजेक्टच्या वर्कशॉपमध्ये मला घेतलं होतं. तिथं सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांसाठी वॉकर, पायाला बांधायचे कॅलिपर, चाकाच्या खुर्च्या बनवायचं काम चाले. हे नाव मी इंटरव्ह्यूतच पहिल्यांदा ऐकलं. कुंभारीतल्या आमच्या घरात त्याला काही नाव नव्हतं. सुमी नऊ वर्षांची होती, तिचे पाय ताठ होऊन एकमेकांत अडकायचे आणि बोलणं सावकाश यायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. मी इंटरव्ह्यू घेणाऱ्या साहेबांना सुमीच्या गाड्याबद्दल सांगितलं, तर ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, घेऊन या, अभ्यास करू.

आप्पा गिरणीत मशिनींना तेल घालायचे. तिथली झिजलेली चार बेअरिंगं मागून आणून त्यांनी ती एका फळीला ठोकली, वर जुनी वाकळ घडी करून बांधली. सुमी त्यावर पोटावर झोपायची आणि दोन्ही हातांनी जमीन मागं ढकलत सुटायची. घरभर खडखडाट. पण दारात उंबऱ्याला अडायची आणि ओरडायची. एका रविवारी आप्पांनी करवत आणली आणि उंबराच कापून काढला. गावात बोलणी झाली. बिनउंबऱ्याचं घर असतं का कुठं? आईनं शुक्रवारी तिथल्या मोकळ्या जमिनीवर हळदकुंकू वाहिलं आणि सुमीला अंगणात जाऊ दिलं.

मुंबईत त्या गाड्याचं कौतुक म्हणजे काय विचारू नका. फोटो निघाले, मापं घेतली, खोलून एकेक बेअरिंग वजनकाट्यावर ठेवलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रिपोर्टात लिहिलं की पालथं झोपल्यामुळं मुलीची कंबर आणि गुडघे सरळ राहतात, हे फार चांगलं. मग मीटिंग झाली आणि वरच्या साहेबांनी एका वाक्यात निकाल लावला. आपल्याला मुलांना उभं करायचंय, जमिनीवर सरपटवायचं नाही. गाड्याला नंबराची चिठ्ठी लागली आणि तो स्टोअररूममध्ये गेला. मी परत मागितला, तर स्टोअरकीपर म्हणाला, नमुना आहे, प्रोजेक्ट संपेपर्यंत बाहेर जाणार नाही. मी तीन अर्ज केले. तिन्ही अर्ज फायलीला व्यवस्थित लावलेले मी स्वतः पाहिले. अजून आठवलं की डोकं तडकतं.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे ट्रंक घेऊन निघालेल्यांनो, आपण घरी पत्रं लिहितो ना, त्यात किती सहज थापा मारतो! मी दर पत्रात लिहीत होतो, पुढच्या महिन्यात नवी, चकचकीत वस्तू घेऊन येतो. आप्पांचं उलटटपाली कार्ड यायचं, सुमी विचारती. दुसरा गाडा त्यांनी केला नाही. कशाला करतील? मुंबईहून चांगला येणार होता. आणि मी, हातात फिटरचा हुन्नर असलेला माणूस, मलाही एका रविवारी सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं. पण फळीला बेअरिंगं ठोकणं मला आता गावंढळ वाटायला लागलं होतं.

दीड वर्षानं मी क्रोमचा वॉकर घेऊन घरी गेलो. सुमी आईशेजारी कोपऱ्यात बसली होती. मी तिला बगलेत धरून उभं करायला गेलो, तर गुडघे सुटेनात. दीड वर्ष दुमडून बसून ते तसेच आखडले होते.

"दादा, ह्ये कुनाचं हाय?" तिनं वॉकरकडं बघून विचारलं. "माजा गाडा कुटं हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आप्पांच्या सायकलवरून सोलापुरात गेलो, भंगारातून बेअरिंगं आणली आणि दुपारच्या जेवणाआधी नवा गाडा तयार केला. अर्धा दिवस लागला, अर्धा दिवस. सुमीला त्यावर पालथं ठेवलं. दुमडलेले गुडघे फळीवर टेकले, कंबर वर राहिली, आणि ती कलंडून खाली पडली. तीनदा ठेवलं, तीनदा पडली. चौथ्यांदा आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता, तिला दुकतंय."  

नंतर मी सांध्यांवरचे उपचार शोधले, साहेबांशी भांडलो, सुमीला मुंबईला नेऊन आणलं. थोडा फरक पडला. ती आता बसून सरकते, वीतभर. प्रोजेक्टचा रिपोर्ट छापून आला, त्यात गाड्याचा फोटो आहे. वॉकरवर आई धुणं वाळत घालते.

माझी खोली आता मुंबईत आहे, रेशनकार्डही तिथलंच. लोक विचारतात, घर कुठलं? मी कुंभारी म्हणतो. गेल्या दिवाळीला गेलो, तर दारात ठेच लागली. आप्पांनी उंबरा पुन्हा बसवला होता, नव्या लाकडाचा.

"आता कशाला उगडं ठिवायचं? कुत्री शिरत्यात," ते म्हणाले.

आईनं त्याला हळदकुंकू लावलेलं होतं. आत सुमी मला बघून हसली. मी उंबरा ओलांडून तिच्याकडं गेलो. मला तो ओलांडता येतो.