कूलरचं तोंड

बाबांच्या शेवटच्या उन्हाळ्यात त्यांचा कॉम्प्युटर काहीच काम करत नव्हता. मीच त्यातलं काम बंद केलं होतं आणि त्यांना कळू दिलं नव्हतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ताईला तर नाहीच.

नंदनवनच्या घरात तेव्हा आम्ही दोघंच. आई आधीच गेलेली, ताई लग्न होऊन गावातच, महाल भागात, माझं लग्न राहून गेलं. बाबांनी आयुष्यभर टायपिंगचा क्लास चालवला आणि कंपवात शिरला तो नेमका त्यांच्या हातांत. कप बशीवर वाजायला लागला की ते मान वळवून खिडकीकडे बघत, आवाज बाहेरून आल्यासारखं.

मी कुठेतरी वाचलं होतं, की प्रोटीनवर संशोधन करणाऱ्यांना एवढी आकडेमोड लागते की त्यांचे स्वतःचे कॉम्प्युटर पुरत नाहीत. म्हणून जगभरातले लोक आपल्या घरचा कॉम्प्युटर त्यांच्या कामाला लावून देतात. इंटरनेटवरून कामाचा एक तुकडा येतो, आपला कॉम्प्युटर तो सोडवतो, उत्तर जातं, पुढचा तुकडा येतो. पैसे मिळत नाहीत, कोणी ओळखत नाही. प्रोटीन म्हणजे एक लांब साखळी. तिची घडी नीट बसली तर शरीर चालतं, चुकली तर काही आजार होतात. कंपवाताचा संबंधही अशाच एका घडीशी लावतात. मी बाबांच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि त्यांना हे समजावलं.

"म्हणजे घडी बिघडली म्हणून हात हालून राहिला?"

"तसंच काही, बाबा."

"तुह्या आईले विचारायचं होतं गा. तिच्यावानी घडी कोणाले जमे?"

किती तरी दिवसांनी ते हसले.

मग ते खुर्ची टाकून पडद्यासमोरच बसू लागले. साखळीचं रंगीत चित्र वळायचं, खाली किती काम झालं त्याची पट्टी हळूहळू भरायची. मी ऑफिसातून आलो, की चपला काढायच्या आत हाक. "ये ना गा, पाय ना, पट्टी भरून राहिली." मी कणीक मळत असलो तरी हाक. तुकडा पूर्ण झाला की "गेलं बाप्पा!" आणि लगेच, "औषध निघंल काय गा याच्यातून?"

सुरुवातीला मी जात होतो. मग तिथूनच हो हो म्हणायला लागलो. मग तेही जड झालं. दिवसभर त्यांच्याशी बोलायला कोणी नसे, आणि आता त्यांना विषय सापडला होता. मला विषय नको होता. मला घरात शांतता हवी होती. होळीच्या सुमाराला मी प्रोग्राम बंद केला आणि साखळीचं नुसतं चित्र फिरत राहील अशी सोय करून ठेवली. पट्टी काहून दिसत नाही विचारलं, तर म्हटलं, नवीन प्रकार आहे, पट्टी नसते.

काम थांबल्यावर कॉम्प्युटरच्या आतला पंखाही हळू फिरायला लागला, पण टायपिंगवाल्याच्या कानाचं काय करणार? क्लासच्या दारातूनच कुठल्या मशीनचं बटन अडकतंय ते त्यांना कळे.

"मशीनचा आवाज कमी झाला गा. काहून?"

मी वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हटलं, "गरमीनं मंद चालून राहिली, बाबा."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो, तर कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे. पाण्यानं भरलेला तो लोखंडी डबा त्यांनी थरथरत्या हातांनी कसा फिरवला असेल, देव जाणे. फरशीवर पाणी सांडलेलं. बाबा भिंतीशी, बनियन अंगाला चिकटलेली.

"हे काय केलं?"

"मले काय होते? मले काही काम नाही. तिले आहे."

तिथे सांगता आलं असतं. नुसतं पुन्हा सुरू केलं असतं तरी चाललं असतं. मी कूलर परत त्यांच्याकडे वळवला आणि चिडलो. मी गेलो की ते पुन्हा फिरवायचे. संध्याकाळी मी सरळ करायचो. पुढे पुढे आम्ही त्यावर बोलणंही सोडलं.

मे संपता संपता त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. अंगातलं पाणी कमी झालं होतं. ताई धावत आली.

"काहून गा, कूलर तं होता ना खोलीत?"

"होता," मी म्हणालो.

बाबा घरी आले, पण खुर्चीत पुन्हा बसले नाहीत. दिवाळीच्या आधी गेले. डॉक्टर म्हणाले, या आजारात, या वयात असं होतं. मी ते वाक्य जपून ठेवलं.

तेरवीला ताई पंगतीत सगळ्यांना सांगत होती, "शेवटपर्यंत काम करून राहिले होते बाबा. दुनियेसाठी." मी कढी वाढत होतो. माझ्याकडे बघून म्हणाली, "हा तं लहानपणापासून मुकाच. पण मशीन लावून दिली ना बाबाले!" लोक माझ्याकडे कौतुकानं बघत होते. मी पुढच्या पानाकडे सरकलो.

त्याच आठवड्यात मी प्रोग्राम पुन्हा सुरू केला. आता तो खरंच चालतो. उन्हाळ्यात मी कूलर त्याच्याकडे वळवतो आणि बाबांच्या खुर्चीत बसतो. पट्टी भरते. पूर्ण झाली की हाक मारायला घरात कोणी नसतं.

दर तिथीला ताईचा प्रश्न ठरलेला असतो, "चालू आहे ना गा बाबाची मशीन?" मी हो म्हणतो. यंदा तिनं पुढेही विचारलं, "मले देतोस काय? नेतो मी महालात. तू ऑफिसात असतं, मी घरीच असतो. बाबाचं काम मी पायतो."

येत्या रविवारी ती न्यायला येणार आहे. कॉम्प्युटर मी पुसून ठेवलाय, वायरी गुंडाळल्यात. तो तिला देईन. पण त्या उन्हाळ्यात त्यातलं काम बंद होतं, मी बंद केलं होतं, आणि बाबा गरमीत बसले ते माझ्या खोट्या बोलण्यामुळे, हे तिला सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.